मुंबई हायचा वायू मागेच राहतो

संपादक महोदय,

मुंबईजवळच्या समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राची गोष्ट १९७४ साली ‘सागर सम्राट’ या विहीर खोदणाऱ्या जहाजाने लावलेला तेलाचा शोध आणि १९७६चे पहिले उत्पादन इथेच संपवली जाते. तेलासोबत वर येणारा वायू त्यात क्वचितच दिसतो, हे खटकते.

हा वायू तेलापासून वेगळा होतो तेव्हा त्याचा दाब कमी असतो. किनारा सुमारे १६० किलोमीटर दूर. तिथवर ढकलायला समुद्रातल्या फलाटावरच अवजड कॉम्प्रेसर बसवावे लागतात. वायू नळीत सोडण्याआधी ग्लायकॉल या पाणी शोषणाऱ्या द्रवाने त्यातली पाण्याची वाफ शोषून घ्यायची. ती राहिली, तर दाबाखाली आणि थंडाव्यात पाणी व मिथेन (या वायूतला मुख्य घटक) मिळून बर्फासारखे हायड्रेट बनते, नळी तुंबते. ही व्यवस्था पुरेशी नव्हती तोवर बराच वायू समुद्रातच जाळावा लागला. जळत्या ज्योतीचे ते छायाचित्र आपण अभिमानाने छापत आलो. खरे तर ते नुकसानीचे चित्र होते. पुढे उरणला वायू पोहोचला, त्यातून स्वयंपाकाचा गॅस निघू लागला आणि थळच्या खत कारखान्याला कच्चा माल मिळाला.

वसईच्या समुद्रातले क्षेत्र निराळे. तिथल्या वायूत हायड्रोजन सल्फाइड आहे. विषारी तर तो आहेच, पण ओलावा मिळताच पोलादही कुरतडतो. म्हणून सुरतजवळच्या हजिऱ्याला अमाइनयुक्त (असा वायू शोषून घेणाऱ्या रसायनाच्या) द्रावणाने तो काढून त्यातले गंधक वेगळे करतात. हजिरा–विजयपूर–जगदीशपूर वाहिनीतून उत्तरेकडे गेला तो हा धुतलेला वायू.

– एक वाचक