दगडातला पाऊस दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. चार दिवसांच्या सुट्टीला साताऱ्यात आलात आणि त्यातला अख्खा एक दिवस माण तालुक्यातल्या आमच्या शाळेला दिलात. फोनवर आभार मानून माझं समाधान होईना, म्हणून हे पत्र.

ऊर्ध्वमुखी लवणस्तंभाची, म्हणजे गुहेत ठिबकणाऱ्या पाण्यातल्या चुन्यानं जमिनीवरून वर वाढत जाणाऱ्या खांबाची, आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढतो. मुलं ती वहीत उतरवतात, विषय संपतो. तुम्ही थेट पोषण आहाराच्या खोलीत गेलात आणि बोअरचं पाणी उकळून उकळून बुडाला पांढरं किटण धरलेलं पातेलं उचलून आणलंत. म्हणालात, "गुहेत ठिबकणारं पाणीही असाच चुना मागं ठेवतं, फक्त फार सावकाश."

मग पिशवीतून तो कापून घासलेला तुकडा निघाला. आपोआप तुटून पडलेल्या स्तंभाचा, हे तुम्ही आवर्जून सांगितलंत. भिंगाखाली रेघेला रेघ चिकटलेली. वर्षाला मिलिमीटरभरही न वाढणारा दगड! पाण्यातून युरेनियम येतं, थोरियम जवळपास येत नाही. म्हणून थरात युरेनियमपासून किती थोरियम तयार झालं, त्यावरून वय कळतं. आणि थर तयार होताना पाऊस दमदार असेल तर त्यात ऑक्सिजनचा जड प्रकार कमी, म्हणून जुना पाऊसही थरातून वाचता येतो. हे मी वाचलं होतं, पण कळलं त्या दिवशी.

बस्तरच्या दंडक गुहेतल्या स्तंभात चौदाव्या शतकातले कमजोर पावसाळे उमटलेत आणि आपल्याकडचा दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ ला सुरू झाला, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मागं बसलेले एका मुलीचे आजोबा उठून पुढं आले. १९७२ ला त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडलीय, सुकडीवर दिवस काढलेत. तुकडा दोन्ही हातांत घेऊन त्यांनी विचारलं, "ह्यात बहात्तर कुठाय?"

"आजोबा, ह्यात नाही. ह्याची वाढ त्याच्या कितीतरी आधीच थांबलीय." आपल्याकडचा खडक बेसाल्टचा, असे स्तंभ चुनखडीच्या गुहेत होतात, आणि बस्तरचा दगड सगळ्या मान्सूनचा कल सांगतो, माणमधल्या एकेका गावाचा पाऊस नाही, हेही तुम्ही त्यांना शांतपणे समजावलंत. आजोबांना बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगून मोकळं होता आलं असतं. तुम्ही ते केलं नाहीत, याचं मला फार मोल वाटतं.

ते पातेलं मावशींनी प्रयोगशाळेला देऊन टाकलंय. मधल्या सुट्टीत मुलं भिंग घेऊन त्याच्या बुडाशी बसलेली असतात.

आपला,
विज्ञान शिक्षक