गॅस गेला का, हे आता कॅप्सूल सांगणार?

संपादक महोदय,

पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी परत चालू झाली की नाही हे आता गिळायची सेन्सरवाली कॅप्सूल सांगणार, असं तुमच्या पेपरात वाचलं आणि आमच्या रिटायर्ड सिस्टर लोकांच्या ग्रुपवर दिवसभर तोच विषय. माझी नोकरी नागपुरातच सर्जरी वॉर्डात झाली म्हणून लिहून राहिली आहे.

वॉर्डातलं सगळं जेवणखाण एकाच प्रश्नावर अडलेलं असतं, गॅस पास झाला का, म्हणजे आतडी चालू झाली का? राउंडला डॉक्टर विचारणार, मग सिस्टर, मग मावशी, तेही भरलेल्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर. गडचिरोली-भंडाऱ्याकडून नाहीतर छिंदवाड्याकडून आलेली बाई पदर सावरत मान खाली घालते, गॅस गेला असला तरी नाही म्हणते आणि बिचारी आणखी एक दिवस सलाईनवर. पुरुष वॉर्डातले काका भुकेने इतके कासावीस की काही झालं नसताना "हाव, झाला ना सिस्टर" म्हणून मोकळे, अन् रात्री पोट टम्म, उलट्या, परत नाकात नळी. म्हणजे ज्या उत्तरावर सगळं ठरतं ते उत्तरच कच्चं, त्यामुळे कोणी मशीन आणत असेल तर मी तरी नाक मुरडणार नाही.

आणि गॅस तर सगळ्यात शेवटी. लहान आतडं ऑपरेशननंतर काही तासांतच हलायला लागतं, जठराला 1-2 दिवस लागतात, मोठ्या आतड्याला 2-3. मॉर्फिन, ट्रामाडॉलसारखी दुखण्याची औषधं चालू असली किंवा पोटॅशियम उतरलं की अजून लांबतं. कॅप्सूल आतली आम्लता, दाब, तापमान मोजून कमरेला बांधलेल्या रिसीव्हरला पाठवत राहते, जठरातून पुढे गेली की आम्लता एकदम उतरते, बाहेर पडली की तापमान पडतं. पेशंटच्या लाजेचा अन् भुकेचा इथे काही संबंधच नाही, हे मला फार आवडलं.

पण अशी कॅप्सूल अमेरिकेत 2006 मध्ये मंजूर झाली ती जठर हळू रिकामं होणाऱ्या लोकांसाठी, ताज्या टाक्यांच्या पेशंटसाठी नाही. चांगली अडीच सेंटीमीटरच्या वर लांब असते, जठर सुस्त असेल तर तिथेच पडून राहणार, मग खालच्या आतड्याचं काय कळणार? कुठे अरुंद जागी अडकली तर काढायला परत ऑपरेशन होऊ शकतं, आणि बाहेर पडेपर्यंत एमआरआय बंद. म्हणजे पोट फुगून बसलेल्या ज्या पेशंटबद्दल आतड्याला पीळ बसला की नुसतं सुस्तावलंय असा डाऊट असतो, नेमकं त्यालाच ती देता येत नाही! वरून एकदा वापरून फेकायची वस्तू, इथल्या मेडिकल-मेयो या सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरिबाला कोण घेऊन देणार बाप्पा.

त्यापेक्षा पोटावर बाहेरून चिकटवून आतड्याचे आवाज सतत ऐकणारे सेन्सर परदेशात झालेत, त्यात गिळायचं काही नाही, अडकायचं काही नाही. स्टेथोस्कोप अर्धा मिनिट ठेवून जे कळतं त्यावर फार भरवसा नसतोच. आपल्या व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी आणि मेडिकल, एम्सच्या सर्जननी मिळून असलं स्वस्तातलं काही करून पाहावं.

अजून एक. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकातच दाखवून दिलं की लवकर चालवलं, मॉर्फिनसारखी औषधं कमी दिली, लवकर तोंडाने खाणं सुरू केलं तर पेशंट लवकर सावरतो, बऱ्याच ऑपरेशननंतर गॅसची वाट पाहत उपाशी ठेवायची गरजच नसते. किती वॉर्डांत हे रोज होतं ते नातेवाइकांना विचारा.

आणि मशीन येईल तेव्हा येईल, तोवर राउंडला निदान पडदा ओढून विचारा, आणि बाईपेशंटला सिस्टरनेच विचारावं.

एक रिटायर्ड सिस्टर, नागपूर