'--वेट' समजावून सांगणाऱ्या ताईंना

ताई, सस्नेह नमस्कार.

गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) प्रत्येक कमिटचा, म्हणजे बदलांच्या एका नोंदीचा, संदेश लिहायला एडिटर उघडतं. तो एडिटर बदलायची ओळ कुठेही सापडते. ती तशीच का लिहायची, हे तुम्ही आम्हाला समजावून सांगितलंत, म्हणून हे जाहीर आभार.

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.एडिटर "कोड --वेट"

शेवटचं '--वेट' हमखास गाळलं जातं. नुसतं 'कोड' लिहिलं, तर ती कमांड व्हीएस कोड या एडिटरची खिडकी उघडते आणि लगेच मोकळी होते. गिटला वाटतं, लिहून झालं. ते संदेशाची फाइल वाचतं. तिच्यात '#'ने सुरू होणाऱ्या, गिटच्याच सूचनांच्या ओळींशिवाय काहीच नसतं, म्हणून रिकामा संदेश ठरवून कमिट रद्द करतं. खिडकी मात्र समोर उघडीच! '--वेट' असलं की टॅब बंद होईपर्यंत गिट थांबतं. नुसतं सेव्ह करून भागत नाही, टॅबही बंद करायचा, ही ओळ तुम्ही कागदावर दोनदा अधोरेखित केली होती. अगदी योग्य केलंत.

विंडोजवर नोटपॅड++ या एडिटरचा पूर्ण पत्ता देताना 'प्रोग्राम फाइल्स'मधल्या मोकळ्या जागेने घोटाळा होतो. दुहेरी अवतरणाच्या आत पत्त्याला एकेरी अवतरण घालायचं, हेही तुमच्यामुळेच कळलं. मॅकवर 'कोड' सापडत नसेल, तर आधी व्हीएस कोडच्या कमांड पॅलेटमधून ती कमांड पाथमध्ये (टर्मिनल जिथे कमांड शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) टाकून घ्यायची.

सगळं करूनही व्हिम हा टर्मिनलमधला एडिटरच उघडत असेल तर? गिट आधी 'गिट_एडिटर' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिममध्ये नावानिशी ठेवलेलं मूल्य) बघतं, मग कोअर.एडिटर, मग 'व्हिज्युअल', मग 'एडिटर'. काहीच नसलं तर सहसा व्हीआय, म्हणजे व्हिमचा पूर्वज. शिवाय रेपॉझिटरीतलं, म्हणजे त्या एका प्रकल्पापुरतं, लोकल सेटिंग ग्लोबलवर मात करतं. 'गिट व्हार गिट_एडिटर' चालवलं की शेवटी कोण जिंकलं ते दिसतं. अंदाज बांधत बसण्यापेक्षा ही एक कमांड फार मोलाची.

आणि व्हिममध्ये अडकलेल्यांसाठी: एस्केप, मग ':डब्ल्यूक्यू', एंटर. पण '--अमेंड' (आधीचं कमिट दुरुस्त) करताना बेत बदलला तर ':क्यू!' (सेव्ह न करता बाहेर) कामाचं नाही. जुना संदेश फाइलमध्ये असतोच, त्यामुळे कमिट होऊन जातं. तिथे ':सीक्यू'च हवं; ते चूक झाल्याचं कळवून बाहेर पडतं, म्हणून गिट कमिट रद्द करतं. हा बारकावा दुसऱ्या कुणी सांगितला नव्हता.

तुमच्या कागदाखाली आम्ही एक ओळ जोडली आहे: कमिट मध्येच फसलं, तरी सेव्ह केलेला मजकूर '.गिट' फोल्डरमधल्या 'कमिट_एडिटएमएसजी' फाइलमध्ये राहतो. पुन्हा कमिट करण्याआधी तो तिथून उचलून घ्यावा.

आपले कृतज्ञ,
तुमच्या हाताखाली गिट शिकलेले सगळे