मिशीचा कप आणि बाकीची मंडळी

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय सुमे,

स. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि त्याच आठवड्यात जनकगंजातलं काकूंचं घर रिकामं करायला घेतलं, म्हणून उत्तराला उशीर. घर विकलं गं. तांबं-पितळ भावांनी वाटून घेतलं. काचेच्या कपाटाला मात्र कुणी हात लावेना. 'ताई, तूच बघ' म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

काकू फुलवाती ठेवायच्या तो गुलाबांची नक्षी असलेला कप आठवतो? आत काठाला चिनी मातीचीच आडवी पट्टी, अर्धं झाकण बसवल्यासारखी. आपल्याला वाटायचं, भट्टीतच काहीतरी बिघडलं असणार. अगं, तो मिशीचा कप! एकोणिसाव्या शतकात विलायतेत पुरुष मिशांना मेण लावून त्या ताठ करत. गरम चहा ओठाला लावला की मेण वितळून चहात, आणि मिशी लोंबायला लागलेली. हार्वे ॲडम्स नावाच्या इंग्रज कारागिराने त्यावर ही तोड काढली, असं सांगतात. मिशी पट्टीवर टेकायची, चहा चंद्रकोरीएवढ्या फटीतून प्यायचा. ब्रिटिश फौजेत तर वरच्या ओठाला वस्तरा लावायलाच मनाई होती. ती १९१६ साली उठली. पुढे तिकडे मिशा ओसरल्या तसे कपही गेले. आपल्या ग्वाल्हेरात मिशा काही ओसरल्या नाहीत, पण त्या तेल-तुपावर पोसलेल्या, आणि चहा बशीत ओतून फुर्र करायचा. कपाला फुलवातींखेरीज काम कुठून मिळणार?

खरी गंमत पुढेच आहे. चहाच्या सेटमधला तो मोठा, बिनकानाचा वाडगा, ज्यात काकू पाडव्याला श्रीखंड काढायच्या, तो खरकट्याचा निघाला! तेव्हा कपाच्या तळाशी चहाची पत्ती आणि गार चहा उरायचा. दुसऱ्यांदा चहा ओतण्याआधी तो गाळ त्यात रिकामा करायचा, यासाठी ते भांडं. आणि काकू कशा होत्या ते तुला माहीतच आहे. भाताचा हात तुपाच्या भांड्याला लागला तर ते भांडं पुन्हा घासायला लावणारी बाई! त्याच वाडग्यातलं श्रीखंड आधी देवापुढे जायचं. मी एकटीच माजघरात बसून इतकी हसले की धाकटी वहिनी बघायला आली.

आपण बाहुलीचं लाटणं म्हणून खेळायचो त्या दोन्ही टोकांना गोळे असलेल्या काचेच्या कांड्या म्हणजे सुऱ्या टेकवायच्या घोड्या. एक पदार्थ संपून दुसरा येईपर्यंत सुरी त्यावर ठेवायची, टेबलावरची चादर डागाळू नये म्हणून. मोरपिसांचा उंच पेला सेलेरीचा. ती भाजी तेव्हा पिकवायला कटकटीची आणि महाग, म्हणून पाहुण्यांना दिसेल अशी टेबलाच्या मधोमध उभी मांडत. आपण कोथिंबिरीची जुडी अशी मांडली असती तर सासूबाईंनी वेड्यात काढलं असतं.

हे सगळं काकूंकडे आलं कुठून? 'साहेबानं जाताना दिलं', एवढंच त्या म्हणायच्या. कुठला साहेब, ते कधी नाही. मला ते पटतं. शिंदे महाराजांचा जयविलास वाडा १८७४ चा. तिथे विलायती थाटाच्या पंगती उठत. जेवणाच्या टेबलावर ब्रँडी आणि सिगार फिरवणारी चांदीची आगगाडी आपण शाळेच्या सहलीत पाहिलीच होती. वाड्यावर जे चाले त्याचा शिंतोडा गावातल्या घरांवर उडणारच.

माळ्यावर काकूंचं तस्तही सापडलं. जेवण झालं की झारीतून पाणी घालून म्हाताऱ्यांचे हात त्यात धुवायचे. सुनेनं त्यात मनीप्लांट लावलाय. छान दिसतो, मी काही बोलले नाही. कप-पेले दुकानदाराला द्यायचा भावाचा विचार होता. मी नको म्हटलं. तो म्हणे, 'अँटिक आहे, पैसे येतील.' येऊ देत. फुलवाती कुठे ठेवू मग?

वाडगा तुझ्याकडे धाडतेय. भाचा नागपूरला येतोय. त्याच्यासोबत गजकचा डबाही आहे, थंडी सरायच्या आत संपव. मी वाडगा चिंचेनं घासून परवा त्यातच श्रीखंड केलं. कुणाला काही सांगितलं नाही, सगळ्यांनी दोनदा घेतलं. भाऊजींना मात्र खाऊन झाल्यावरच सांग.

तुझी,
नलू