आईच्या नावातला ळ

प्रिय पाळकबाई,

आमच्या चर्चच्या मंडळीत धर्मगुरूंना लहानपणापासून ‘पाळकसाहेब’ म्हणायची सवय. बाईमाणसासाठी शब्द नव्हता, म्हणून हा मीच जुळवला. पुढच्या रविवारी कॉफीच्या वेळी हे पत्र तुम्हाला इंग्रजीत वाचून दाखवीन. पण ते आधी माझ्या माणसांनी वाचावं, म्हणून मराठीत लिहितेय.

आई ऑक्टोबरात वारली, तिकडे नगरला. मी इथे व्हरमाँटमध्ये. मातीला पोचता आलं नाही.

आधी फोन केला तो शहरातल्या मोठ्या चर्चला. तिथे मी अकरा वर्षं जात होते. प्रार्थनेत आईचं नाव घ्याल का, एवढंच विचारलं. नाव अवघड आहे म्हणाले, एखादं छोटं नाव नाही का? नाही म्हटल्यावर ‘आपल्या एका बहिणीची आई’ असं म्हणून उरकलं. जिनं जन्मभर ते नाव अभिमानानं लावलं, तिच्यासाठीच्या प्रार्थनेत तिचं नावच नाही. ते अजून सलतं.

तुमच्या लाल दारातून मी तोवर फार तर चार वेळा आत आले होते. ‘एपिस्कोपल चर्च आपले स्वागत करते’ ही पाटी मी इतर गावांतही पाहिली होती, त्यामुळे तिच्यावर फारशी भिस्त नव्हती. आत तीसेक माणसं, बहुतेकांचे केस पांढरे. पण एकमेकांना शांती देण्याची वेळ आली की तुमच्याकडे कुणी जागेवरून नुसती मान हलवत नाही. वॉकर घेऊन चालणाऱ्या आजी मधली वाट ओलांडून माझा हात धरायला आल्या होत्या, पहिल्याच रविवारी.

नोव्हेंबरात सर्व संतांच्या रविवारी गेलेल्यांची नावं वाचतात, म्हणून मी चिठ्ठीवर आईचं नाव दिलं. गुरुवारी रात्री तुमचा फोन आला. ‘नाव पुन्हा म्हणा. सावकाश.’

आईच्या नावात ळ आहे. इंग्रजीत तो नाहीच. ‘ल म्हणा, चालेल,’ असं मीच म्हणाले. तुम्ही विचारलंत, ‘तुमच्या आईला चाललं असतं?’

नसतं चाललं. ती शिक्षिका होती. ळ चा ल करणाऱ्या पोराला नीट म्हणेपर्यंत खाली बसू द्यायची नाही. हे सांगितल्यावर तुम्ही फोन ठेवलाच नाहीत. जीभ कुठे लागते, किती वळते, विचारत राहिलात.

आमच्या नगरला मिशन आलं ते याच न्यू इंग्लंडमधून, अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यातून. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, त्यांनाही मराठी शिकावी लागलीच. ते तुमच्या पंथाचे नव्हते. पण १९७० साली नागपुरात अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, आमची मंडळी त्यात गेली, आणि इंग्लंडच्या चर्चमधून वाढलेल्या ज्या अँग्लिकन परिवारात तुमचं एपिस्कोपल चर्च आहे, त्यात तुमचं-आमचं नातं जुळलं. त्या गुरुवारी मला हे सगळं आठवत होतं. दोनशे वर्षांनी त्याच मुलखातलं कुणीतरी पुन्हा ळ साठी जीभ वळवत होतं, तेही एका नावासाठी, एका सकाळीपुरतं.

रविवारी तुम्ही नाव घेतलंत. जरासा र कडे झुकलेला, पण ळ. नंतर मी कठड्यापाशी गुडघे टेकले, तुम्ही तळहातावर तुकडा ठेवून ‘ख्रिस्ताचे शरीर, स्वर्गाची भाकर’ म्हणालात, आणि मी महिनाभरात पहिल्यांदा रडले. शेजारच्यांनी काही विचारलं नाही, फक्त खांद्याला खांदा लावून थांबले. चांगुलपणा असाच असतो बहुधा, त्याला फार बोलावं लागत नाही. आमच्या गल्लीत कुणी गेलं की शेजारणी न विचारता पिठलं-भाकरी आणून ठेवतात, तसाच.

तुमच्या चर्चने १९७६ साली बायकांना पाळकपद खुलं केलं, हे मी आईला फोनवर सांगितलं होतं. ‘बरं झालं,’ म्हणाली होती. तुम्हाला बघायचं मात्र राहून गेलं.

एक कबुली द्यायची आहे. त्या दिवशी आवराआवर करताना वाचनपीठावर तुमची नावांची यादी दिसली. आईच्या नावाशेजारी पेन्सिलनं लिहिलं होतं, ‘जीभ मागे, टाळूला. घाई नको.’ तो कागद मी न विचारता घरी आणला. आईचं पवित्र शास्त्र भावानं नगरहून पाठवलंय, त्यात १२१व्या स्तोत्रापाशी ठेवलाय.

तुमची,
मागून तिसऱ्या बाकावरची