पालकसभेत प्रश्नांना जागा हवी

महोदय,

वसई-मुंबई पट्ट्यातील अनेक मिशनरी शाळांत कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला बसतात आणि त्याच तासाला इतर मुले मूल्यशिक्षणाला जातात. ही व्यवस्था जुनी आणि बहुतांशी सलोख्याची आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा स्थापून चालवण्याचा हक्क दिला, तर अनुच्छेद २८(३) नुसार शासनमान्य वा अनुदानित शाळेत अल्पवयीन विद्यार्थ्याला पालकांच्या संमतीविना धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी होण्याची सक्ती करता येत नाही. ही संमती प्रवेशअर्जावरच्या सहीने उरकण्याची बाब नव्हे. त्यासाठी मोकळेपणाने बोलावे लागते. माझ्या मुलीच्या शाळेत मात्र पालकसभा म्हणजे फी, गणवेश आणि स्नेहसंमेलनाची तारीख. प्रार्थनेविषयी कुणी प्रश्न काढलाच, तर ‘नंतर ऑफिसात भेटा’ असे सांगितले जाते आणि तोच विषय मग फाटकाबाहेर, अर्धवट माहितीवर, कडवटपणे चघळला जातो. स्वतः कॅथलिक असल्याने मला हे अधिकच खुपते. अशा शाळांनी वर्षातून निदान एक सभा केवळ याच विषयासाठी, सिस्टर, फादर आणि सर्व धर्मांचे पालक समोरासमोर बसवून घ्यावी आणि तेथील प्रश्नोत्तरे इतिवृत्तात नोंदवून सूचनाफलकावर लावावीत.

– एक पालक, वसई