औट म्हणजे साडेतीन

मा. संपादक, स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या पेठेत ज्ञानेश्वरीचं पारायण झालं. सहाव्या अध्यायात ‘तैसी ते कुंडलिनी । मोटकी औट वळणी’ ही ओवी आली, तेव्हा ‘औट’ हा गुप्त बीजमंत्र असल्याचं निरूपण बराच वेळ चाललं. शेजारी बसलेली माझी आत्या हळूच म्हणाली, ‘‘अगं, औटकी नाही का? दोन औट सात, तीन औट साडेदहा.’’

आत्याचंच बरोबर आहे. जुन्या शाळांत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांनंतर औटकी घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. संस्कृतातलं ‘अर्धचतुर्थ’, म्हणजे तीन पूर्ण आणि चौथा अर्धा, प्राकृतात ‘अद्धुट्ठ’ झालं आणि मराठीत ‘अहुट’, ‘औट’. हठयोगात कुंडलिनी ही देहातली शक्ती नागिणीसारखी साडेतीन वेढे घालून निजलेली सांगतात. माणसाचा देह ज्याच्या त्याच्या हाताने साडेतीन हात भरतो, म्हणून ‘औट हात’ देह. शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी बाजारहाटातला, मोजमापाचा शब्द घेतला. ऐकणाऱ्याला तो लगेच कळला असणार. आज आपण त्याच्याभोवती गूढ उभं करतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपलं सोलापूर सिद्धरामेश्वरांचं. त्यांच्यासारख्या शरणांची, म्हणजे वीरशैव संतांची, वचनं कन्नडमध्ये आहेत आणि त्यांतल्याच अल्लमप्रभूंच्या वचनांत ‘बयलु’ हा असाच एक शब्द फिरून फिरून येतो. मराठीत त्याचं ‘शून्य’, ‘परब्रह्म’ करतात. ते चूक नाही. पण आमच्या कन्नड शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, ‘‘बयलु म्हणजे मोकळं रान हो, वहिनी.’’ उघड्यावर होणाऱ्या नाटकाला बयलाट म्हणतात, तेही यावरूनच. कुंपण नसलेलं, आडोसा नसलेलं रान डोळ्यांपुढे आणून वचन वाचलं की ‘शून्य’ या शब्दाने जे हाती लागत नव्हतं ते लागतं.

या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत बोलली जाते. शब्दांचा माग काढायला याहून चांगली जागा कुठली? आपल्या रविवार पुरवणीत आठवड्याला असा एक शब्द घ्यावा आणि त्याचा रोजच्या बोलण्यातला अर्थ वाचकांकडून मागवावा, ही विनंती. विशेषतः ऐंशीच्या पुढच्या माणसांना आत्ताच विचारायला हवं. आत्याकडून मी औटकी उतरवून घेते आहे. काल दहा औट पस्तीसपर्यंत आलो.

आपली एक वाचक,
सोलापूर